पोटुशीचा रोजा

रमजानचे रोजे सक्तीचे, हे आपल्या शहरातल्या हिंदू शेजाऱ्यांनाही ठाऊक असते. सवलत कोणाला, हे मात्र मुस्लिम घरांतही पुष्कळदा अर्धवटच माहीत असते. कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी माणसाला आणि प्रवाशाला मुभा आहे. तिरमिजी आणि अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहांत गरोदर व अंगावर पाजणारी बाईही त्याच सवलतीत येते. स्वतःला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असेल तर तिने रोजा धरू नये, पुढे सवडीने एकास एक भरून काढावा. यालाच कजा म्हणतात. कोकणी मुस्लिम शाफई. त्यांच्यात केवळ बाळाच्या काळजीने रोजा चुकला तर कजाबरोबर गरिबाला धान्याचा फिदियाही द्यायचा असतो. हनफी घरांत कजा पुरते. एकाच गल्लीतल्या दोन मैत्रिणींना दोन उत्तरे मिळतात, ती यामुळे.

म्हणजे धर्माची आडकाठी नाही. अडचण असते घरात. “आम्ही नऊ महिने पोटात मूल घेऊन रोजे धरले, काय झालं?” हे सासूचे वाक्य कोणत्या मोहल्ल्यात ऐकू येत नाही? (हरतालिकेच्या निर्जळी उपवासाला हेच वाक्य शेजारच्या घरातही ऐकू येते, असे मैत्रिणी सांगतात.) आणि समजा सासू समजूतदार निघाली, तरी स्वयंपाकघर बंद असते. सहेरीची भांडी घासली की शेगडी पेटते ती थेट असरच्या नमाजनंतर. सासरे, दीर रोज्याने. त्यांच्यासमोर खायचे कसे? मग सून दोन खजूर तोंडात टाकते आणि आडोशाला जाऊन पाणी पिते. तिचा रोजाही होत नाही आणि पोटही भरत नाही. पहाटेचे सालन दुपारी तसेच गार खाणे तर सरळ धोक्याचे. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक उघड्यावर राहू नये. फ्रिजमध्ये ठेवलेले असले तरी वाफ येईपर्यंत गरम करावे. दुपारी तिच्यासाठी ताजी पोळी-भाजी करण्याने कोणाचाही रोजा बिघडत नाही.

डॉक्टरांची हरकत नाही आणि तब्येत धडधाकट आहे, अशा काही जणी रोजे धरतात. त्यांनी गोळ्यांच्या वेळा सांभाळाव्यात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली होती. लोहाची गोळी इफ्तारनंतर लिंबू सरबताबरोबर घ्यावी, चहाबरोबर नको. चहाने लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी सहेरीला दुधाबरोबर. दोन्ही एकदम घेऊ नयेत. चहा-कॉफीतले कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, म्हणजे चहाचे दोन-तीन कप पुरे. रक्त वाढते म्हणून खाला-मावश्या कलेजी आग्रहाने वाढतात. तिच्यात लोह असते हे खरे, पण अ जीवनसत्त्व इतके असते की जास्त झाल्यास बाळाला अपाय होऊ शकतो. ब्रिटनची आरोग्यसेवा गरोदरपणात कलेजी टाळायलाच सांगते.

इफ्तारच्या बाजाराचा मोह कोणाला नसतो? पण कापून ठेवलेले कलिंगड, बर्फाचे सरबत आणि आतून लालसर राहिलेला सीख कबाब यंदा इतरांनी खावा. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ इतरांना बहुधा सोडून देते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र ती झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शीरखुर्म्याचे दूध नीट उकळलेले असावे, एवढेच.

साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, पोटात जुळी असतील, तर रोज्याचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यांच्यापासून रोजा लपवूही नये. बोटाला टोचून साखर तपासल्याने किंवा सोनोग्राफीने रोजा तुटत नाही.

बाळाची हालचाल मंदावली, चक्कर आली, लघवी गडद आणि कमी होऊ लागली, पोटात कळा आल्या किंवा अंगावरून रक्त गेले, तर अजानची वाट पाहू नये. साठ रोज्यांचा कफ्फारा लागेल ही भीती निराधार आहे. अशा वेळी मोडलेल्या रोज्याला कफ्फारा नाही. इफ्तारला दहा मिनिटे उरली असली तरी पाणी प्यावे, दवाखाना गाठावा. रिक्षा मिळाली नाही तर १०८ आहेच.