विरळ वस्तीची ओढ

जयपूर शहर 1727 साली वसवले गेले, ते तेथे माणसांनी यावे म्हणून. सवाई जयसिंगांनी रुंद, सरळ रस्ते, चौक आणि बाजारपेठा आखल्या व व्यापारी-कारागिरांना तेथे बोलावून घेतले. हा हेतू पुढे इतका सफल झाला की 2011 च्या जनगणनेत जयपूर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे 595 माणसे आढळली. त्याच राज्याच्या पश्चिम टोकास असलेल्या जैसलमेर जिल्ह्यात हा आकडा अवघा 17 होता. विस्ताराने जवळजवळ केरळएवढा हा प्रदेश. पण वस्ती सात लाखांच्याही आत!

जयपूरच्या गर्दीतून जैसलमेरकडे जाणाऱ्या प्रवाशाला या मोकळेपणाची भुरळ पडते, यात नवल नाही. नजर अडेल असे काही नाही, रात्री आकाश ताऱ्यांनी भरलेले, आणि माणूस भेटलाच तर तो थांबून विचारपूस करणार. जेथे माणसे थोडी, तेथे माणसाचे मोल अधिक.

अमेरिकेतील वायोमिंग राज्याचे आकर्षण याच जातीचे आहे. महाराष्ट्राहून थोड्याच लहान असलेल्या या राज्यात 2020 च्या जनगणनेत 5 लाख 77 हजारांच्या आसपास लोक होते. 2011 साली एकट्या कोल्हापूर शहरात जवळजवळ तेवढी वस्ती होती. तरीही अमेरिकेच्या सिनेटमध्ये वायोमिंगचे दोन सभासद आणि जवळपास चार कोटी वस्तीच्या कॅलिफोर्नियाचेही दोनच. स्त्रियांना मताधिकार 1869 सालीच देणाराही हाच प्रदेश.

परंतु या ओढीत एक भ्रम दडलेला असतो. विरळ प्रदेश म्हणजे रिकामा प्रदेश, हा तो भ्रम होय. 1862 च्या कायद्याने अमेरिकन सरकारने वसाहतकऱ्यांना 160 एकर जमीन देऊ केली. पूर्वेकडील ओलसर भागात तेवढ्यावर एका कुटुंबाचा निर्वाह होई. पश्चिमेकडील कोरड्या माळांवर होईना. जॉन वेस्ली पॉवेल या संशोधकाने 1878 च्या अहवालात सांगितले की, तेथे गुरे पाळून राहावयाचे तर एका कुटुंबाला 2,560 एकर लागतील. त्याचा सल्ला मानला गेला नाही, आणि पुढे अनेकांना शेते सोडून परतावे लागले. ज्या भूमीला ते रिकामी समजले, तिथे मूळ रहिवासी जमातींचा वावर पूर्वापार होता, ही गोष्ट तर हिशेबातच धरली गेली नव्हती.

थरच्या वाळवंटातील माणसाने हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या जपला. जैसलमेरात वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही. म्हणून खडकाळ उतारावरून वाहणारे पाणी सखल जागी मातीच्या बांधाने अडवावयाचे, ते जमिनीत मुरू द्यावयाचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यावयाचा, ही ‘खडीन’ची रीत. गावाच्या देवाच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लागणारे रान म्हणजे ‘ओरण’. गुरे त्याच रानात चरतात. एका गावामागे मैलोगणती मोकळी जमीन असते, ती कोणी नको म्हणून टाकलेली नसते. तिच्यावाचून ते गावच जगणार नाही.

सरकारी दप्तरात मात्र अशा जमिनीपुढे सहज ‘पडीक’ असा शेरा पडतो. अलीकडे या माळांवर सौर व पवनऊर्जेचे मोठे प्रकल्प उभे राहिले. देशाला विजेची गरज आहे, हे खरेच. पण त्यांच्या तारांवर आदळून माळढोक पक्षी मरू लागले आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2021 साली तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला. 2024 साली तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. ओरणांची नोंद व्हावी म्हणून गावकरीही झगडत आहेत. आपल्या सोलापूरच्या नान्नजकडे माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील निकड वेगळी सांगावयास नको.

मोकळ्या प्रदेशाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तेथे जाणाऱ्याने आणि तेथील जमिनीचा निर्णय करणाऱ्याने एक प्रश्न आधी विचारावा: ही जागा मोकळी राहिली, ती कोणाच्या संयमामुळे?