साठी ओलांडलेला ट्रॅक्टर

कॅनडात गावाबाहेर पाच-दहा एकर जागा घेऊन राहणाऱ्या घराला ट्रॅक्टर लागतो, पण नांगरणीसाठी क्वचितच. रस्त्यापासून दारापर्यंतच्या वाटेवरचा बर्फ काढणे, उन्हाळ्यात कमरेएवढे वाढलेले गवत कापणे, पडलेल्या झाडांचे ओंडके ओढून आणणे, वाटेवरची खडी सारखी करणे, अशी ही कामे असतात. त्यांना २५ ते ४५ अश्वशक्ती पुरते. १९५० ते १९७५ या काळात बनलेले छोटे डिझेल ट्रॅक्टर नेमके याच ताकदीचे आहेत. त्यांत संगणक नाही, सेन्सर नाही, धूर गाळणारी महागडी जोडणी नाही. इंजिन एकदा सुरू झाले की विजेवाचूनही चालत राहते. बंद करायला दांडी ओढून डिझेल तोडावे लागते. पान्यांचा संच, ग्रीसगन आणि छापील मॅन्युअल एवढ्यावर बरीचशी दुरुस्ती घरच्या घरी होते. अट एकच. जुन्या ट्रॅक्टरचे उरलेले आयुष्य वयावर ठरत नाही. त्याचे सुटे भाग मिळतात की नाही, यावर ठरते.

कोणता घ्यावा

या बाबतीत पहिले नाव मॅसी फर्ग्युसनचे. डॅनियल मॅसी यांनी १८४७ मध्ये ओंटारिओतील न्यूकॅसलजवळ शेतीअवजारांचा कारखाना काढला. १८९१ मध्ये तो ब्रँटफर्डच्या हॅरिस कंपनीशी एक होऊन मॅसी-हॅरिस झाला, १९५३ मध्ये हॅरी फर्ग्युसन यांची कंपनी त्यात आली आणि १९५८ पासून मॅसी फर्ग्युसन हे नाव रूढ झाले. पुढच्याच वर्षी कंपनीने इंग्लंडमधील पर्किन्स हा इंजिनांचा कारखाना विकत घेतला. एमएफ ३५ च्या सुरुवातीच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची थंडीत लवकर सुरू न होण्याबद्दल अपकीर्ती होती. त्याच्या जागी पर्किन्सचे तीन सिलिंडरचे इंजिन आले आणि ट्रॅक्टरचे नशीब पालटले. हेच अडीच लिटरचे इंजिन पुढे एमएफ १३५ मध्ये बसले. १९७५ पर्यंत बनत राहिलेला हा ट्रॅक्टर घरगुती कामासाठी आजही सर्वांत निर्धोक निवड मानला जातो.

मराठी वाचकाला हे घराणे परके नाही. १९६० मध्ये चेन्नईत मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टॅफे कंपनी उभी राहिली आणि गावोगाव ‘मॅसी’ हा शब्द रुळला. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ या ट्रॅक्टरची कथाही अशीच. इंग्लंडमध्ये बनलेले बी-२७५ कॅनडात विकले गेले. इकडे १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली आणि मुंबईच्या कांदिवलीत तोच ट्रॅक्टर बनू लागला. महिंद्राच्या २७५ या आकड्याचे मूळ तिथे आहे. फोर्ड ३००० देखील एस्कॉर्ट्समार्फत भारतात बनला. या नात्याचा लाभ आज कॅनडातील मालकाला होतो, कारण या घराण्यांचे पिस्टन, लायनर, ऑइल सील, क्लचप्लेट असे पर्यायी भाग भारतात मोठ्या प्रमाणावर बनतात. मात्र दिसायला सारखा भाग बसेलच असे नाही. मागवण्यापूर्वी ट्रॅक्टरचा अनुक्रमांक आणि जुन्या भागावरचा क्रमांक दोन्ही पडताळावे लागतात.

उलट उदाहरण कॉकशटचे. ब्रँटफर्डच्या या कंपनीने १९४६ मध्ये आणलेल्या मॉडेल ३० मध्ये क्लच दाबला तरी पीटीओ, म्हणजे जोडलेले अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट, फिरत राहत असे. ट्रॅक्टरच्या इतिहासात या सोयीला मोठे स्थान आहे. त्याच्या डिझेल आवृत्तीत मात्र बुडा कंपनीचे इंजिन होते आणि त्याचे भाग आज दुर्मीळ आहेत. असा ट्रॅक्टर जपावा, जत्रेत मिरवावा. दर आठवड्याच्या बर्फासाठी त्याच्यावर विसंबू नये.

पाहणी

ट्रॅक्टर पाहायला जाण्यापूर्वी विक्रेत्याला सांगून ठेवावे की, तो आधी सुरू करू नका. तिथे पोहोचल्यावर पहिला हात इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवावा. ब्लॉक कोमट लागला तर खरी परीक्षा झालेलीच नाही, कारण दमलेले डिझेल इंजिन आपले दुखणे गार असतानाच दाखवते. सुरू होताना थोडा पांढरा धूर येतो आणि इंजिन तापले की तो विरतो. तो विरला नाही तर कॉम्प्रेशन कमी आहे किंवा नोझल बिघडले आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. भार नसताना काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जाते आहे. ब्रीदरच्या नळीतून धापा टाकल्यासारखी वाफ येत असेल तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. रेडिएटरच्या झाकणाखाली, इंजिन गार असतानाच, तेलाचा तवंग आहे का ते पाहावे. डिपस्टिकवरचे ऑइल चहाच्या रंगाचे झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे.

त्यानंतर लिफ्ट पाहावी. जड अवजार उचलून इंजिन बंद केल्यावर ते काही वेळ वर राहायला हवे. मॅसीच्या ३५ आणि १३५ मध्ये गिअरबॉक्स आणि लिफ्टचे तेल एकच असते आणि लिफ्टचा पंप त्या तेलातच बसवलेला असतो. म्हणून दुधाळ किंवा कचरा पडलेले तेल ही गंभीर खूण समजावी. मागच्या ॲक्सलचे सील गळून ब्रेकचे ड्रम तेलकट होणे हा या ट्रॅक्टरांचा नेहमीचा आजार आहे.

मागच्या टायरांत वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचे पाणी भरण्याची कॅनडात जुनी रीत आहे. ते थंडीत गोठत नाही, पण व्हॉल्व्हपाशी झिरपले की रिम खाऊन टाकते. व्हॉल्व्हभोवतीचा पापुद्रा नखाने खरवडून पाहावा. दोन टायर आणि दोन रिम यांचा खर्च ट्रॅक्टरच्या किमतीच्या घरात जाऊ शकतो.

कामाशी जोड

बर्फ उडवणाऱ्या ब्लोअरला पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरत राहायला हवा आणि ट्रॅक्टर मात्र मुंगीच्या पावलाने सरकायला हवा. साध्या पीटीओत क्लच दाबला की ब्लोअरही थांबतो. म्हणून दोन टप्प्यांचा क्लच असलेला ट्रॅक्टर घ्यावा. यात पहिल्या टप्प्यात चाके थांबतात आणि पीटीओ चालू राहतो. साध्या पीटीओवर गवत कापायचे यंत्र चालवताना वेगळाच धोका असतो. क्लच दाबल्यावरही फिरत्या पात्यांचा जोर उलटा गिअरबॉक्समध्ये येऊन ट्रॅक्टरला पुढे रेटतो. तो रोखण्यासाठी शाफ्टवर एकाच दिशेने जोर पोचवणारी कपलिंग बसवावी लागते. काही १३५ मध्ये मल्टिपॉवर गिअर असतो. त्याच्या लो टप्प्यात उतारावर इंजिनाचा ब्रेक लागत नाही, म्हणून उतरण्यापूर्वी हायमध्ये यावे.

निगा

ऑइल आणि फिल्टर बदलण्याचा काळ मॅन्युअलमध्ये तासांत दिलेला असतो. वर्षाला चाळीस-पन्नास तासच चालणाऱ्या ट्रॅक्टरचे ऑइल मात्र वर्षातून एकदा, हिवाळ्याआधी, बदलावे. तेलाच्या भांड्यातून हवा गाळणारा एअर क्लीनर उघडून तळाचा गाळ काढावा आणि खुणेपर्यंतच नवे ऑइल भरावे. ग्रीसचे प्रत्येक निपल पुसून मग ग्रीस मारावे, नाहीतर धूळ आत जाते.

टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की डिझेलच्या वाटेत हवा शिरते. मेकॅनिक म्हणतात, ट्रॅक्टरने एअर घेतली. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू थोडा सैल करून टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची दांडी हाताने मारत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, शेवटी डिझेलची अखंड धार. धार आली की स्क्रू आवळून तेच काम डिझेल पंपावर करायचे. नोझलच्या नळीची गळती कधीही बोटाने तपासू नये; तिथल्या दाबाने डिझेल कातडीच्या आत घुसते.

आजच्या कमी गंधकाच्या डिझेलने जुने रबरी सील आक्रसून पंप गळू लागतो. नव्या प्रकारचे सील घातले की हा प्रश्न मिटतो. काही जुन्या ब्रिटिश ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. ते न पाहता बॅटरी लावली तर चार्जिंगची जोडणी बिघडते.

थंडी

उणे १८ अंशांत बॅटरीची इंजिन फिरवण्याची ताकद सुमारे निम्मी उरते आणि त्याच वेळी ऑइल काकवीसारखे घट्ट होते. खरा उपाय ब्लॉक हीटर. १२० व्होल्टच्या घरगुती विजेवर तो दोन-चार तास लावला की इंजिन कोमट होते. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर उणे ३७ अंशांपर्यंत गोठण्याची भीती नसते. डिझेलमधले मेण थंडीत साकळून फिल्टर बुजवते. म्हणून उन्हाळ्यात भरलेले डिझेल वापरून संपवावे आणि पहिल्या कडाक्याआधी टाकीत हिवाळी डिझेल असावे.

पर्किन्स इंजिनाच्या हवेच्या वाटेत थर्मोस्टार्ट असतो. त्याची तार तापून लाल होते, वर डिझेल ठिबकते आणि त्या ज्वाळेने आत जाणारी हवा गरम होते. अशा इंजिनात ईथरचा फवारा मारला तर स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. ग्लो प्लग असलेल्या इंजिनालाही हीच मनाई आहे.

जिवाची काळजी

कॅनडात शेतीवरील जीवघेण्या अपघातांत ट्रॅक्टर उलटणे हे एक प्रमुख कारण आहे. त्या काळचे बहुतेक ट्रॅक्टर संरक्षक कमानीविना विकले गेले. ती बसवून घ्यावी आणि सीटबेल्ट लावावा. बेल्टविना कमान अपुरी आहे. ओंडक्याची साखळी फक्त खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. ती वर, टॉप लिंकच्या जागी बांधली तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर दीड सेकंदात मागे उलटतो. ५४० फेऱ्यांचा पीटीओ सेकंदाला नऊ वेळा फिरतो. बाहीचा धागा अडकला तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचे आवरण शाबूत असावे, आणि चालू शाफ्ट ओलांडून जाण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये.

हिवाळी विश्रांती

बर्फाच्या कामाला न जुंपलेला ट्रॅक्टर नोव्हेंबरात छपराखाली न्यावा. टाकी गळ्यापर्यंत भरावी, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरून पाणी साचत नाही. बॅटरी काढून पूर्ण चार्ज करून ठेवावी, एक्झॉस्टच्या नळकांड्यावर डबा पालथा घालावा आणि अवजार खाली टेकवावे. शेवटी क्लचचे पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने तसेच अडकवावे. तसे केले नाही तर ओलाव्याने क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटते, आणि वसंतात ट्रॅक्टर सुरू झाला तरी गिअर पडत नाही.