‘वयच तसं आहे’ म्हणण्याआधी

पंधरा वर्षांचा मुलगा दार लावून बसतो, काही विचारलं की अंगावर येतो, क्रिकेटला जायचा तेही बंद. घरच्यांनी निदान करून टाकलेलं असतं : वयच तसं आहे. पुष्कळदा ते बरोबरही निघतं. पण नैराश्य आलेला माणूस कोपऱ्यात रडत बसतो, अशी जी आपली समजूत आहे ती या वयात फसवते. किशोरवयात उदासीऐवजी चिडचिड हेच नैराश्याचं मुख्य लक्षण असू शकतं. निदानाच्या निकषांतही तशी नोंद आहे. चिडचिड दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली, झोप, भूक, अभ्यास यांची घडी विस्कटली, आवडीच्या गोष्टी आणि मित्रसुद्धा नकोसे झाले, तर वाट पाहू नये. आईबापांवर खेकसून मित्रांत खिदळणाऱ्या मुलाची काळजी त्या मानाने कमी.

‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ हे वाक्य बहुतेक घरांत एकदा तरी ऐकू येतं. तेव्हा त्याला ‘डोक्यावर परिणाम’ किंवा ‘बाहेरची बाधा’ म्हणत, एवढाच फरक. जागतिक आरोग्य संघटनेनुसार एक तृतीयांश मानसिक आजार चौदाव्या वर्षाआधी आणि निम्मे अठराव्या वर्षाआधी सुरू झालेले असतात. ‘निमहान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला.

रात्री जागणं आणि सकाळी लोळणं म्हणजे आळस, हेही अर्धसत्यच. वयात येताना झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन उशिरा पाझरू लागतं. मोबाइल त्यात भर घालतो, पण मूळ बदल शरीरातला आहे, आणि झोप मात्र आठ ते दहा तासच लागते. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये सकाळी नऊच्या आत शाळा नको, असं ठरवलं ते चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. जैविक घड्याळ मागे सरकलेली आठवी-नववीची मुलं सातच्या शाळेसाठी डोळे चोळत रांगेत उभी!

सगळ्यात घातक गैरसमज आत्महत्येबद्दलचा. ‘विचारू नका, नसलेलं डोक्यात येईल,’ असं सुशिक्षित माणसंही सांगतात. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून जास्त हायस्कूल विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आत्महत्येविषयी थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. ज्यांना विचारलं त्यांची अस्वस्थता वाढली नाही. उलट आधीच नैराश्यात असलेल्या मुलांना थोडं हलकंच वाटलं. तेव्हा सरळ विचारावं : ‘जीव नकोसा वाटतो का? स्वतःला संपवावं असं मनात येतं का?’ ‘असलं काही मनात आणत नाहीस ना?’ या प्रश्नाला मूल नाहीच म्हणणार, कारण आपल्याला तेच ऐकायचंय हे त्याला कळतं. उत्तर ‘हो’ आलं तर भाषण देऊ नये, शपथा घालू नयेत. ऐकून घ्यावं, त्याला एकटं सोडू नये, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. बोलून दाखवणारे आत्महत्या करत नाहीत, हाही भ्रमच.

मुलांच्या आत्महत्यांचा सगळा दोष दहावी-बारावीच्या निकालाला देऊन मोकळं होण्याची आपल्याला सवय आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यात महाराष्ट्र पहिला होता. पण अठरा वर्षांखालच्यांच्या नोंदींत परीक्षेतल्या अपयशाच्या वर कौटुंबिक समस्या आहेत. पोलिसांच्या रकान्यात कारण एकच लिहिलं जातं, प्रत्यक्षात गुंता असतो, हे मान्य. तरीही नजर फक्त गुणपत्रिकेवर ठेवून भागणार नाही.

गोळ्यांची भीती काहीशी रास्त, बरीचशी ऐकीव. सौम्य त्रासात आधी समुपदेशन पुरतं. औषध लागलंच तर फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. गुण यायला मात्र काही आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. पंचवीसच्या आतल्या काहींना सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. म्हणून त्या काळात जास्त लक्ष ठेवावं आणि बदल दिसला की लगेच डॉक्टरांना कळवावं.

राहिली पोलिसांची आणि खर्चाची धास्ती. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरतं. तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात. त्याच कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकार विभागात दाखवता येतं. ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून विनामूल्य, चोवीस तास चालू आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. मूल यायला अजिबात तयार नसेल, तर पहिल्या भेटीला आईवडील एकटे गेले तरी चालतं. 14416 वर फोनही त्यांनीच करावा.