इन्सुलिन घेऊन विमानात

इन्सुलिन केबिन बॅगेतच ठेवावं, चेक-इनच्या सामानात नाही. खालच्या सामानकक्षात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखं दिसलं तरी वापरायचं नसतं. शिवाय बॅग भलत्याच गावी गेली तर बाकी सामानाशिवाय भागतं, डोसाशिवाय नाही.

आंतरराष्ट्रीय प्रवासातली 100 मिलीची द्रवमर्यादा गरजेच्या औषधांना लागू होत नाही. मात्र तपासणीआधीच सीआयएसएफच्या जवानाला तसं सांगावं. पेन, सुया मूळ खोक्यासकट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह वेगळ्या पाउचमध्ये हाताशी ठेवा. चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टशी जुळायला हवं. फॅमिली डॉक्टरांनी प्रेमाने लिहिलेलं ‘पाटील काकू’ इथे उपयोगाचं नाही. एक्स-रे मशिनमधून गेल्याने इन्सुलिन बिघडत नाही. दंडावर सेन्सर किंवा कमरेला पंप असेल तर मात्र कंपनीचं माहितीपत्रक वाचून जा. काही उपकरणांना एक्स-रे आणि बॉडी स्कॅनर वर्ज्य असतात. अशा वेळी हाताने तपासणी मागून घ्या.

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. आपल्याकडच्या व्हायलमध्ये बहुधा मिलीमागे 40 युनिट असतात आणि सिरिंजचं टोपण लाल. तिकडे मिलीमागे 100 युनिट, टोपण नारिंगी. तिकडचं इन्सुलिन आपल्या लाल सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात 50 युनिट जातात. औषध तिकडे विकत घ्यावं लागलं, तर सिरिंजही तिकडचीच घ्या.