जहाजातून मधल्या बंदरावर उतरायचं असेल तर…



तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते. आपल्यातल्या कितीतरी जणी बारामती ते इंदापूर एवढंच चालतात आणि तिथून एसटीनं घरी येतात. दिंडीतल्या बायांना 'येते गं' म्हटलं की झालं. क्रूझ, म्हणजे मोठ्या जहाजाच्या सहलीत मात्र असं मध्येच निघता येत नाही. आमच्या गटातल्या एका ताईंना हे गोव्याच्या बंदरावर कळलं, म्हणून आजचा हा विषय.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही जणी मुंबई–गोवा–मुंबई अशा सहलीला गेलो. शेळ्या, शिवणकाम, पापड यातून साठवलेला पैसा होता. ताईंची लेक गोव्यात दिलेली, तिचे दिवस भरत आलेले. ताईंनी मनाशी ठरवलं होतं, गोव्यात उतरू, लेकीकडं राहू आणि नंतर रेल्वेनं येऊ. पिशवी घेऊन त्या जहाजाच्या दाराशी गेल्या, तर त्यांना थांबवलं. त्यांचं नाव मुंबईला उतरणाऱ्यांच्या यादीत होतं. कागद पूर्ण होईपर्यंत दोन तास त्या बसून राहिल्या. तिकडं लेकीच्या फोनवर फोन. शेवटी उतरल्या, पण परतीच्या प्रवासाचे पैसे काही मिळाले नाहीत. चूक माझीही होती. नावं लिहून घेताना 'कुणाला मध्ये उतरायचंय का?' असं मी विचारलंच नव्हतं.

जहाजवाले एवढं का अडवतात? कारण जहाजावर माणसांचा हिशोब ठेवावा लागतो. आपल्या उजनीचंच बघा. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडं येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. अशा वेळी पहिला प्रश्न येतो, बोटीत होते किती? मोठ्या जहाजात तर शेकडो प्रवासी. प्रत्येकाला कार्ड देतात आणि चढता-उतरता त्याची नोंद होते. एक माणूस कमी दिसला, तर तो बंदरात राहिला की पाण्यात पडला, हे शोधावं लागतं.

पूर्वी मुंबईहून कोकणात आगबोटी जायच्या. रत्नागिरी, विजयदुर्ग, वेंगुर्ला, ज्याचं बंदर येईल तो पडावात बसून किनाऱ्याला लागायचा. पण त्याचं तिकीटच तिथवरचं असायचं. आताच्या सहलीचं तिकीट पूर्ण फेरीचं असतं. खोली, जेवण सगळं एकत्र धरलेलं. म्हणून आपण लवकर उतरलो तरी उरलेल्या दिवसांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

मग उतरायचंच असेल तर काय करावं?

पैसे भरण्याआधीच विचारा, की अमुक बंदरावर उतरू द्याल का? होकार लेखी घ्या. तोंडी 'हो हो, बघू' यावर विसंबू नका. जहाजावर चढल्यावर स्वागतकक्षात पुन्हा आठवण द्या. उतरण्याआधी आपल्या नावावरचं खाण्यापिण्याचं, खरेदीचं बिल चुकतं करा. शेवटच्या बंदरावर सामान उतरवून देतात, मध्ये उतरताना ते आपलं आपणच न्यायचं असतं. ओळखपत्र जवळ ठेवा. पुढच्या प्रवासाचं तिकीट आधीच काढा. गोव्यातल्या वास्कोहून पुण्याला रेल्वे आहे, तिथून पुढं आपली एसटी.

काही ठिकाणी मात्र नुसतं विचारून भागत नाही. लक्षद्वीप आपल्याच देशात आहे, तरी तिथं जायला परवाना लागतो. म्हणून मनात आलं आणि राहिले, असं तिथं होत नाही. परदेशात पासपोर्ट-व्हिसाचा प्रश्न येतो. कुणाचा मुलगा अमेरिकेत असेल आणि तो आई-वडिलांना अलास्काच्या सहलीला नेणार असेल, तर हे ध्यानात ठेवा. परदेशी नोंदणीचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन त्यांना तिथल्याच दुसऱ्या बंदरावर कायमचं उतरवू शकत नाही. तसा १८८६ चा कायदा आहे. सिएटलला चढून जुनोला उतरलात, तर कंपनीला दंड होतो आणि ती तो प्रवाशाकडून वसूल करू शकते.

आजारपण आलं किंवा घरून वाईट निरोप आला, तर गोष्ट वेगळी. जहाजावर डॉक्टर असतात. त्यांना किंवा स्वागतकक्षाला लगेच सांगा, ते उतरवण्याची सोय बघतात. प्रवास विमा घेताना सहल अर्धवट सोडावी लागली तर भरपाई मिळते का, तेही वाचून घ्या.

ताईंना नात झाली. लेकीच्या वेळेला त्या तिथं होत्या, त्यामुळं गेलेल्या पैशांचं त्यांना वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या दोन तासांचं. आता आमच्या गटाच्या वहीत सहलीच्या पानावर नाव, वय, फोन यांच्यापुढं आणखी एक रकाना आखलाय, 'कुठं उतरणार?' तुमच्याही वहीत तो आखून घ्या.