आधी सुई, मग पेटी

१९७७ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात धाडली. प्रत्येक यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे, आणि पृथ्वीवरील निवडक संगीतात गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवीही तिच्यावर आहे. हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या गोष्टीचा दुसरा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. तबकडी पाठविणाऱ्यांनी तिच्यासोबत ती वाजविण्याची सुई आणि कार्ट्रिजही ठेवले, आणि ती कशी व किती गतीने फिरवावी याच्या आकृत्या आवरणावर कोरल्या. अनोळखी श्रोत्याच्या हाती तबकडी द्यायची, तर योग्य सुईही द्यावी लागते, हे त्यांनी जाणले होते.

आपल्या घरांत नेमके उलटे घडते. तबकड्या जपल्या जातात आणि सुईचा विचार कोणी करीत नाही. बडोद्याचे वाडे, इंदूर-ग्वाल्हेरची जुनी घरे, बेळगावातील माळे येथे अद्यापही आजोबांच्या काळातील रेकॉर्डांच्या पेट्या सापडतात. ज्या नगरांत बडोदे दरबारचे फैयाज खाँ, इंदूरचे अमीर खाँ, ग्वाल्हेरचे कृष्णराव शंकर पंडित गायिले, त्याच नगरांत आपण पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलो. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांची नाट्यपदे तर आपल्या पूर्वजांनी नाटकगृहातून घरी आणली ती याच तबकड्यांच्या रूपाने. जुन्या मुद्रणांपैकी काहीच कंपन्यांनी पुन्हा प्रसिद्ध केली आहेत. उरलेल्यांचा आधार म्हणजे कोणाच्या तरी घरात पडून असलेली एखादी प्रत. ती चुकीच्या सुईखाली गेली, तर तो आवाज कायमचा गेला.

हे कसे होते, ते समजून घेण्यासाठी तबकड्यांचे दोन प्रकार ओळखले पाहिजेत. पहिला प्रकार लाखेच्या तबकडीचा. हिंदुस्थानात १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून अनेक दशके हाच प्रकार चालला. ही तबकडी जड व ठिसूळ असते, मिनिटाला ७८ फेरे घेते आणि दहा इंची असल्यास एका बाजूला सुमारे तीन मिनिटे वाजते. दुसरा प्रकार विनाइल नावाच्या प्लॅस्टिकच्या लाँग प्ले तबकडीचा, म्हणजेच एलपीचा. ही अमेरिकेत १९४८ साली बाजारात आली. ही मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वाजू शकते. अमीर खाँसाहेबांचे मारवा आणि दरबारी हे राग अशाच एका एलपीच्या दोन बाजूंवर आहेत.

लाखेच्या तबकडीची खाच रुंद, तर एलपीची अरुंद. म्हणून पहिलीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉन, तर दुसरीच्या सुईची सुमारे १८ मायक्रॉन असते. एलपीची सुई जुन्या खाचेच्या तळाशी जाऊन घासते आणि खरखरच अधिक ऐकविते. जुनी जाड सुई एलपीवर ठेवली, तर ती खाचेच्या भिंतीच ओरबाडते. १९६० व १९७० च्या दशकांतील पुष्कळ प्लेअरांत दोन्ही सुया एकाच कार्ट्रिजला असत आणि लहानशी कळ फिरवून त्या बदलता येत. ती कळ कोणत्या बाजूस आहे, हे पाहिल्याविना वाजवू नये.

कर्ण्याचा ग्रामोफोन दिवाणखान्याची शोभा खचित वाढवितो. परंतु त्याच्या पोलादी सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक भार असतो. लाखेत बारीक दगडी भुकटी मुद्दाम मिसळलेली असे; पहिल्या काही फेऱ्यांत ती सुईला घासून खाचेच्या आकाराची करी. म्हणूनच दर बाजूला नवी सुई लावण्याचा दंडक होता. दुर्मिळ तबकडी अशा यंत्रावर वाजविणे म्हणजे जुन्या पोथीच्या अक्षरांवरून चाकू फिरविणेच होय.

नवे यंत्र घेताना पेटीच्या देखणेपणाकडे पाहून भुलू नये. पहिला खर्च कार्ट्रिज आणि सुई यांवर करावा. चांगले चुंबकीय कार्ट्रिज एलपीवर दीड ते दोन ग्रॅम भाराने चालते. ७८ फेऱ्यांच्या सुईला साधारणतः तीन ते पाच ग्रॅम लागतात. हा भार कमीअधिक करता येईल असा हात यंत्राला असावा. आज बाजारात मिळणाऱ्या सुटकेसवजा स्वस्त प्लेअरांत बहुधा ही सोय नसते, भारही अधिक असतो.

त्यानंतर गती पाहावी. अनेक नवी यंत्रे केवळ ३३⅓ आणि ४५ या गतींची असतात. घरी लाखेच्या तबकड्या असतील, तर ७८ ची गती आहे ना, हे आधी विचारावे. गती सूक्ष्म प्रमाणात बदलता आली, तर उत्तम. ७८ ऐवजी तबकडी साडेब्याऐंशी फेरे घेऊ लागली, की काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गेलाच म्हणून समजावे.

यानंतर फोनो-प्रीॲम्प्लिफायर. चुंबकीय कार्ट्रिजचा संदेश अतिशय क्षीण असतो. शिवाय एलपी कापताना खर्जाचा भाग दाबलेला आणि तार भाग उठविलेला असतो. हा समतोल पूर्ववत करून आवाज वाढविण्याचे काम हे उपकरण करते. उरलेला पैसा स्पीकरांस द्यावा.

जुन्या बाजारात तबकडी घेताना ती दिव्याखाली तिरपी धरावी. खाचांवर करडी झाक असेल, तर ती पोलादी सुईने झिजलेली आहे असे समजावे. लाखेची तबकडी अल्कोहोलने कदापि पुसू नये. त्यात लाख विरघळते. शुद्ध पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ कापड पुरे. मधला कागद मात्र भिजू देऊ नये. तबकड्या उभ्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात त्यांना बुरशीपासून जपावे.

ज्यांच्या घरी अशी पेटी असेल, त्यांनी येत्या सुट्टीत मुला-नातवंडांना जवळ बसवून एक वही करावी. गायकाचे नाव, चीज, राग, कंपनी आणि कागदावरील क्रमांक तीत लिहावे. नंतर योग्य सुईने प्रत्येक तबकडी एकदा वाजवून तिची संगणकीय प्रत करून ठेवावी. अनवधानाने ती पुनःपुन्हा वाजवून झिजविण्यापेक्षा, नीट तयारी करून एकदा ऐकलेली ती तीन मिनिटे पुढच्या पिढीच्याही कामी येतील.