कॉपी केली तर बिघडलं काय?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज आपण कॉम्प्युटर, मोबाइल आणि पोरांचे गेम यांबद्दल बोलू. कुणी म्हणेल, हे आपलं काम नव्हे, ते पोरांनी बघावं. पण गटाची वही आता हळूहळू मशीनवर चालली आहे. हप्ता किती आला, कर्ज कुणाकडे किती राहिलं, मसाल्याची ऑर्डर कुठून आली, सगळं त्यातच असतं. ज्या फोनवर पोरगा गेम खेळतो, त्याच फोनवर सचिव ताईला बँकेचा ओटीपी येतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

कॉम्प्युटरला किंवा मोबाइलला काम कसं करायचं ते सांगणाऱ्या लिखित सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. या सूचनांची कॉपी करणं फार सोपं असतं. पेन ड्राइव्ह लावला, दोन मिनिटं थांबलं, झालं. त्यामुळे कॉपीबद्दल गावात काही मतं पक्की बसली आहेत. त्यांतलं एकेक घेऊ आणि त्यात खरं किती, खोटं किती ते पाहू.

“मूळ तर तिथंच आहे, मग चोरी कसली?”

या बोलण्यात थोडं तथ्य आहे. कुणी तुमची कळशी उचलून नेली, तर तुमच्या घरी कळशी राहत नाही. सॉफ्टवेअरची कॉपी केली, तर मूळ मालकाकडचं काही कमी होत नाही. म्हणून कायद्यातही यासाठी चोरीचं कलम लावत नाहीत. त्यासाठी १९५७ सालचा वेगळा कॉपीराइट कायदा आहे. १९८४ साली दुरुस्ती होऊन कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम त्यात आले.

पण दुसरी बाजूही आहे. पापडाचा हिशोब आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या पापडाला जेवढं उडदाचं पीठ लागतं, तेवढंच शंभराव्याला लागतं. सॉफ्टवेअरचं तसं नसतं. पहिली प्रत तयार व्हायला माणसांची वर्षं जातात, आणि दुसरी काही सेकंदांत निघते. सगळ्यांनी दुसरी प्रत फुकट घेतली, तर पहिलीची मजुरी कोण देणार?

हा वाद जुना आहे. १९७६ साली अमेरिकेत बिल गेट्स नावाच्या वीस वर्षांच्या तरुणानं कॉम्प्युटरच्या हौशी लोकांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. त्याचं सॉफ्टवेअर बहुतेक जण पैसे न देता कॉपी करून वापरत होते. फुकट काम कोण करील, असा त्याचा सवाल होता. त्याची मायक्रोसॉफ्ट पुढे जगातली फार मोठी कंपनी झाली. तरी तो सवाल खोटा ठरत नाही.

“मोठ्या कंपनीला काय फरक पडतो?”

सॉफ्टवेअर म्हटलं की आपल्याला अमेरिकाच आठवते. पण मराठी टायपिंगसाठी गावोगावच्या छपाईवाल्यांनी वापरलेलं श्रीलिपी पुण्यात तयार झालं. क्विक हील हे अँटिव्हायरस, म्हणजे मशीनचा राखणदार, तेही पुण्याचंच. ते उभं करणारे कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातले. ते आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. सॉफ्टवेअरची कॉपी होते तेव्हा अशा माणसांच्या पगारालाही कात्री लागते.

उद्या आपल्यावरही ही वेळ येऊ शकते. तुमच्या गटानं लोणच्याच्या बाटलीसाठी सुंदर लेबल काढून घेतलं आणि शेजारच्या बाजारात कुणी तेच छापून आपला माल विकू लागलं, तर तुम्ही म्हणाल का, “मूळ लेबल तर आमच्याकडंच आहे, काय बिघडलं?”

“दुकानदारानं टाकून दिलं, आपला काय दोष?”

तालुक्याला जाऊन जोडणी केलेला कॉम्प्युटर घेतला, की दुकानदार विंडोज, ऑफिस आणि मराठी टायपिंग सगळं भरून देतो. त्याचे वेगळे पैसे तो मागत नाही. मग बऱ्याचदा काही दिवसांनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं दिसू लागतात. या प्रतीला परवाना लागू झालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा बिल काढून पाहावं. बिलात सॉफ्टवेअरच नसेल, तर दुकानदाराला विचारावं.

कायदा इथं काय म्हणतो? प्रत बेकायदा आहे हे माहीत असूनही जो ती कॉम्प्युटरवर वापरतो, त्याला कलम ६३-ब प्रमाणे ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता ५०,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतं. यातले दोन शब्द लक्षात ठेवा: ‘माहीत असून’ आणि ‘धंदा’. गट माल विकतो, म्हणून घरच्या कॉम्प्युटरला मिळणारी सवलत गटाच्या कॉम्प्युटरला मिळेलच असं नाही.

मात्र रोजच्या कामात कायद्यापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला ‘क्रॅक’ म्हणतात. तो चालवताना बहुतेक वेळा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे राखणदाराला सुट्टी द्यायची, आणि अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली द्यायची. त्या माणसानं आत काय ठेवलं, ते कळायला मार्ग नसतो. कधी आतला प्रोग्रॅम सगळ्या फाइलींना कुलूप घालतो आणि ते उघडण्यासाठी पैसे मागतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या अशाच प्रोग्रॅमनं जगभरचे कॉम्प्युटर अडवले होते. तो नेटवर्कवरून पसरला, आणि ज्या मशीनमध्ये नवी सुरक्षा दुरुस्ती बसवलेली नव्हती, तिथं त्याला वाट मिळाली. ‘परवाना तपासेल’ या भीतीनं अपडेट बंद ठेवणाऱ्याचं मशीन तसंच उघडं राहतं.

आता विचार करा. गटाचा पाच वर्षांचा हिशोब एका दिवसात गेला, तर बँकेला काय दाखवायचं?

“मोबाइलवर तर सगळं फुकटच असतं”

ज्यांची पोरं १९९० च्या सुमारास लहान होती, त्यांना टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आठवत असेल. त्यात पिवळी कॅसेट घालायची आणि मारिओ उड्या मारू लागायचा. मूळ यंत्र जपानच्या निन्टेंडो कंपनीचं होतं. फॅमिकॉम नावानं ते १९८३ मध्ये तिकडे आलं. आपल्याकडच्या बाजारात मिळायचे ते बहुतेक त्याच्या नकला होत्या. कॅसेटवर ९९९९ गेम असं छापलेलं असायचं, आणि आत तेच मोजके गेम पुन्हा पुन्हा निघायचे! फसवणूक झाली, तरी ती त्या कॅसेटच्या किमतीपुरतीच. कारण त्या डब्यात ना बँक होती, ना फोन नंबर, ना घरचे फोटो.

आजच्या मोबाइलमध्ये हे सगळं आहे. म्हणून नकली गेम आणि नकली ॲप यांची किंमत वेगळी पडते. पोरगा म्हणतो, “आई, हा गेम प्ले स्टोअरवर पैसे मागतो, पण मित्रानं फाइल पाठवली आहे, त्यात सगळं मोकळं आहे.” ती फाइल म्हणजे एपीके. अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. ती उघडली की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप टाकू का? त्याला ‘हो’ म्हटलं की पुढे ॲप परवानग्या मागतं: मेसेज वाचू दे, नंबरांची यादी पाहू दे, पडद्यावर ताबा दे. गेमला आपले मेसेज कशाला वाचायचे असतात? मेसेजमध्ये ओटीपी असतो म्हणून. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा सरकारी योजना अशा नावांनी एपीके पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार याच वाटेनं झाले आहेत.

जीबी व्हॉट्सॲपही असंच आहे. ते मूळ कंपनीचं नव्हे, दुसऱ्या कुणी फेरफार करून काढलेलं आहे. ते वापरणाऱ्यांचं खातं व्हॉट्सॲप बंद करू शकतं. गटाच्या सगळ्या ऑर्डर त्याच नंबरवर येत असतील, तर तेवढे दिवस धंदा थांबतो.

“पैसे मोजले, मग वस्तू माझी”

इथं मात्र आपल्या मताला धार आहे, आणि कंपन्यांनाही प्रश्न विचारायला हवा.

शहरातल्या पोरांकडे प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असतो. टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, म्हणजे कन्सोल. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ मध्ये आलं, तेव्हा तबकडीवालं यंत्र ४९,९९० रुपयांना आणि बिनतबकडीचं ३९,९९० रुपयांना होतं. दहा हजार वाचले म्हणून बिनतबकडीचं घेणाऱ्याला फरक नंतर कळतो. तबकडी खेळून झाली की मित्राला देता येते, विकताही येते. इंटरनेटवरून उतरवलेला गेम पैसे मोजूनही दुसऱ्याला देता येत नाही. तुम्ही गेम विकत घेतलेला नसतो, खेळायचा परवाना घेतलेला असतो.

२०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं नव्या एक्सबॉक्सबद्दल जाहीर केलं की तबकडी असली तरी ती उसनी देण्यावर आणि विकण्यावर बंधनं येतील, आणि यंत्राला दर २४ तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावावी लागेल. गिऱ्हाइकांनी एवढी ओरड केली की कंपनीनं जून महिन्यातच हे नियम मागे घेतले. साध्या गिऱ्हाइकाच्या मतालाही वजन असतं, ते असं.

आपल्या शेतातही हाच प्रश्न आहे. विकत आणलेल्या बियाण्यातून आलेलं बी पुढच्या वर्षी पेरायचा हक्क कुणाचा? भारतात २००१ सालच्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, शेजारणीला द्यायचा आणि विकायचाही हक्क दिला. फक्त कंपनीच्या नावाचं पाकीट करून विकायचं नाही. सॉफ्टवेअरमध्ये वाटण्याची अशी मोकळीक नाही. पण एक हक्क आहे: कायदेशीर घेतलेला प्रोग्रॅम खराब झाला किंवा हरवला तर हाताशी असावा, म्हणून त्याची राखीव प्रत काढून ठेवता येते.

“मग गरिबानं करायचं काय?”

हा सगळ्यात खरा सवाल. महागडा परवाना परवडत नाही म्हणून चोरवाट धरायची, एवढाच मार्ग नाही. सॉफ्टवेअरमध्येही देशी वाण आहेत. अकोल्याच्या राहीबाई पोपेरे जशा गावरान बी सांभाळतात आणि वाटतात, तसं सांभाळून वाटण्यासाठीच केलेलं सॉफ्टवेअर आहे. त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. वापरा, कॉपी करा, बदला, शेजारणीला द्या, सगळ्याला परवानगी. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ही चळवळ सुरू केली. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स सुरू केलं. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं गेली अनेक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच कॉम्प्युटर शिकतात.

आपल्या कामाची नावं लिहून घ्या. पत्र आणि हिशोबासाठी लिब्रे ऑफिस. ते मराठीतही चालतं आणि एक्सेलच्या फाइली उघडतं. गाणी आणि व्हिडिओसाठी व्हीएलसी. लेबलाच्या चित्रासाठी गिम्प. मराठी अक्षरांसाठी मुक्ता आणि बलू, मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेली आणि सगळ्यांना मोकळी असलेली वळणं. लहान पोरांच्या खेळांसाठी जीकॉम्प्रि. यांतलं काहीही पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या गटाला दिलं तर तो गुन्हा नाही. फक्त पहिल्यांदा उतरवताना त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. मोफत आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत. कित्येक मोफत ॲप पैशाऐवजी आपली माहिती घेतात.

पुढच्या बैठकीत एवढं करा

गटाच्या कॉम्प्युटरचं बिल काढा आणि त्यात सॉफ्टवेअरची नोंद आहे का ते बघा. नवा घेताना बिलावर परवाना लिहून मागा, नाहीतर दुकानदाराला लिनक्स आणि लिब्रे ऑफिस टाकून द्यायला सांगा. हिशोबाची एक प्रत दर महिन्याला वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो अध्यक्ष ताईंकडे ठेवा. आपल्या हिशोबाची कॉपी करायला कुणाची परवानगी लागत नाही! बँकेचा नंबर ज्या फोनमध्ये आहे, तो पोरांना गेमसाठी देऊ नका. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडू नका, अगदी नात्यातल्या नंबरावरून आली तरी. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची आशा जास्त.

पोरांशीही बोला. नुसतं ‘गेम खेळू नको’ म्हटलं की ते लपून खेळतात. हा गेम कुणी बनवला, तो फुकट का देतोय आणि बदल्यात काय घेतोय, हे तीन प्रश्न त्यांना विचारायला शिकवा. आपणही कुठलंही ॲप टाकण्याआधी हेच तीन प्रश्न विचारायचे.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.